तिकीट काढलं की आत : बाबासाहेबांच्या प्रवासाची एक वेगळी बाजू

मागच्या महिन्यात भाच्याला निरोप द्यायला मुलुंडला गेलो होतो. पोरगा लंडनला शिकायला निघालेला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना कालिदास नाट्यमंदिरात नाटकाला नेलं. दारावरच्या माणसानं मोबाईलवरचं तिकीट बघितलं आणि हात केला, जा आत. झालं. आमच्या डाव्या बाजूला कोण बसलंय, उजव्या बाजूला कोण, कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही.

रात्री जेवताना बहिणीनं पोराला दम भरला. तिकडं जाऊन हिंडत बसू नको, नाटक-सिनेमात पैसे घालवू नको, बाबासाहेब बघ कसे अठरा-अठरा तास वाचायचे. पोरगा मान खाली घालून हसला. तिचं चुकीचं नव्हतं. पण ही गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. बाबासाहेबही परदेशात पहिल्यांदा गेले तेव्हा आधी हिंडले-फिरलेच होते. आणि एका माणसाला नुसतं मोकळं हिंडता येणं ही केवढी मोठी गोष्ट असते, ते समजून घ्यायचं तर सुरुवात न्यूयॉर्कपासून करून चालत नाही. सुरुवात आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनापासून करावी लागते.

साल १९०१. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळ पडलेला, लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलावाचं खोदकाम काढलं होतं. आई वारलेली, पोरं साताऱ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी पोरांना गोरेगावला बोलावलं. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. ते, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं अशी चार लेकरं निघाली. नवीन सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. आगगाडीत बसायची पहिलीच वेळ. आपल्याकडं लेकरं जत्रेला निघतात तेव्हा जसा चेहरा असतो तसाच त्यांचाही असणार.

मसूरला उतरले तर न्यायला कुणीच नाही. वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला, कपडे बघून त्याला वाटलं चांगल्या घरची पोरं आहेत. मग जात विचारली. पोरांनी खरं सांगितलं, आणि मास्तर मागं सरला. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एक गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. संध्याकाळ झाली. डबा जवळ होता, पण पाणी नाही. वाटेत पाणी होतं, ते यांना मिळालं नाही. टोलनाक्याच्या माणसाकडं मागितलं, त्यानंही दिलं नाही. चार लेकरांनी रात्र उपाशी, तहानलेली, गाडीत काढली.

मसूर आमच्यापासून लांब नाही. ऊसतोडीच्या दिवसांत त्या रस्त्यानं आमचे ट्रॅक्टर जातात. मी शंभरवेळा तिथून गेलो असेन, पण ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. बाबासाहेबांनी ती स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे. त्यांच्या या आठवणींची छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० मध्ये छापली, नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आज ती अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात मुलांना वाचायला देतात.

आता त्याच कोलंबियाकडं येऊ.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सरकारबरोबर करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. तेव्हा पंधरा रुपयांना एक पौंड पडायचा, म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या आत-बाहेर. आपल्याकडं तेव्हा ही रक्कम मोठी वाटली असती, न्यूयॉर्कमध्ये नव्हती. त्यातूनच घरीही पाठवायचे होते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस. आधी विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले, तिथलं जेवण पटेना. मग हिंदी विद्यार्थी राहायचे त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, आणि पुढं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथं नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

शहर कसलं होतं बघा. विद्यापीठ ब्रॉडवेवरच. हाच रस्ता खाली नाटकांच्या वस्तीत जातो, ज्याच्या नावानं अमेरिकेचं सगळं नाट्यविश्व ओळखलं जातं. जमिनीखालून आगगाडी धावत होती, विद्यापीठाजवळच तिचं स्टेशन होतं. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वूलवर्थ नावाची इमारत उघडली होती, त्यावेळची जगातली सगळ्यात उंच. असल्या गावात साताऱ्या-मुंबईकडचा बावीस वर्षांचा पोरगा पोचल्यावर काय करेल? चरित्रकार सांगतात की पहिले चार-पाच महिने मित्रांबरोबर हिंडण्या-फिरण्यात, खेळण्यात, नाटकं-करमणुकीत, गप्पांत गेले.

मला यात काही वावगं दिसत नाही. उलट हे वाचून बरं वाटलं. मसूरच्या गाडीवानापासून ते शाळेतल्या गोणपाटापर्यंत ज्यानं फक्त लांब हो हेच ऐकलं, तो माणूस आता मेजाला बसतोय, शेजारचा हात पुढं करतोय, पैसे दिले की हवं तिथं जाता येतंय. आपण कोण आहोत हा विचारच मनातून पुसला गेला, असं त्यांनी परदेशातल्या त्या वर्षांबद्दल नंतर लिहून ठेवलंय. चार महिने हिंडणं म्हणजे ते होतं. आपण त्याला उनाडकी म्हणायचं का?

एक गोष्ट मात्र इथं सांगायला पाहिजे, नाहीतर अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असं वाटेल. त्याच न्यूयॉर्कमध्ये कितीतरी थिएटरांत काळ्या लोकांना वर माळ्यावरच्या खुर्च्यांत वेगळं बसवायचे. काळ्यांची वस्ती असलेलं हार्लेम विद्यापीठाला लागूनच. पुढं १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथल्या काळ्यांचे मोठे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती.

मग एका रात्री त्यांची झोप उडाली. आपण इथं कशासाठी आलो, घरी बायको कशी राहत असेल, हा पैसा कुणाचा, हे सगळं एकदम समोर उभं राहिलं. त्या दिवसापासून हिंडणं बंद. पुढची तीन वर्षं ग्रंथालय, वर्ग आणि खोली. अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम केले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान. जॉन ड्यूई, सेलिग्मन असे नावाजलेले प्राध्यापक शिकवायला. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या चर्चावर्गात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो आज जगभर अभ्यासतात.

हिंडणं बंद म्हणजे अगदी बंद नव्हतं म्हणा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते जात. जेवणाचे पैसे वाचवून न्यूयॉर्कमध्ये दोनेक हजार जुनी पुस्तकं घेतली असं चरित्रात आहे. कुणाला समुद्रकिनाऱ्याचा नाद असतो, कुणाला नाटकाचा. त्यांची भटकंती फूटपाथवरच्या पुस्तकांपुढं.

१९१६ मध्ये लंडन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्यानं परत बोलावलं. प्राध्यापक कॅनन यांच्या मदतीनं चार वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मिळाली. महायुद्ध चालू होतं. स्वतः एका बोटीनं आले, सामान-पुस्तकं दुसऱ्या बोटीनं. ती दुसरी बोट टॉर्पेडोनं बुडवली. भरपाई म्हणून जे थोडे पैसे मिळाले त्यातूनच घरखर्च आणि बडोद्याचं भाडं भागवलं.

बडोद्यात जे झालं ते पुष्कळांना माहीत आहे, तरी त्यातले दोन तपशील मला सारखे आठवतात. राहायला जागा कुणी देईना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले, हातात ग्रंथालयाला परत करायची पुस्तकं. एवढ्यात डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यात चढले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. दोन मित्रांकडं गेले, दोघांनीही काहीतरी कारण काढलं. मग मुंबईची गाडी रात्री होती तोपर्यंत कुठं जायचं? कामाठी बागेत जाऊन बसले. ही बाग म्हणजे आजचं सयाजीबाग. वस्तुसंग्रहालय आहे, जनावरं आहेत. बडोद्याला जाणारे आजही लेकरांना घेऊन तिथं फिरायला जातात. कोलंबियाचा एम.ए. झालेला माणूस त्या बागेत पर्यटकासारखा बसला होता, कारण अख्ख्या शहरात दुसरीकडं बसायला जागा नव्हती.

नंतर मुंबईत सिडनहॅम कॉलेजात दीड वर्ष प्राध्यापकी केली, पै पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, आणि भथेनांनी पाच हजार उसने दिले. जुलै १९२० मध्ये परत लंडनची बोट धरली.

ही लंडनची दुसरी खेप आपल्याकडं जास्त सांगितली जाते आणि ती खरीच आहे. घरमालकीण कडक. सकाळी पावाचा तुकडा, थोडा जॅम, चहा. रात्री ओळखीच्या माणसानं दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे, सोबत कपभर दूध. लंडनमध्ये तेव्हाही नाटकांची चंगळ होती आणि वरच्या गॅलरीचं तिकीट गरीब विद्यार्थीही काढत. ह्यांनी तेही काढलं नाही. खोलीत सोबत असलेले अस्नोडकर रात्री जागे झाले की हे दिव्याजवळ वाचतच असायचे. झोपा आता म्हटलं की सांगायचे, पैसाही नाही आणि वेळही नाही, लवकर संपवायचंय.

गंमत अशी की रोज ते जात होते ती जागा लंडनमधलं सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ होतं. ब्रिटिश म्युझियम. जगभरचे लोक तिथं इजिप्तच्या ममी आणि जुन्या मूर्ती बघायला येतात. बाबासाहेब मधल्या मोठ्या घुमटाखालच्या वाचनालयात जाऊन बसायचे. कार्ल मार्क्सनंही तिथंच बसून लिहिलं होतं. सकाळी दार उघडायला हजर, संध्याकाळी बंद करताना शेवटचे बाहेर. दुपारच्या जेवणाला उठणं नाही. तिथून मग इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, दुसरी ग्रंथालयं. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, मध्ये जर्मनीत बॉनच्या विद्यापीठातही नाव घातलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. पौंडाला किती रुपये पडावेत आणि त्यानं गरिबाचं काय होतं, हाच विषय. ज्यानं साडेअकरा पौंडांत महिना काढला त्याला तो विषय पाठच असणार.

इकडं मुंबईत परळच्या चाळीत रमाबाई. दापोलीजवळच्या वणंद गावची लेक. लहानपणी आई-वडील गेले, लग्न भायखळ्याच्या बाजारात रात्री मासळीचे गाळे रिकामे झाल्यावर लागलं. पाच लेकरं झाली, त्यातली चार गेली, एकटे यशवंतराव राहिले. नवरा समुद्रापलीकडं असताना घर कसं चालवलं हे त्यांनाच माहीत.

बाबासाहेबांच्या परदेशातल्या वर्षांबद्दल लिहिताना मला ह्या बाईच्या न झालेल्या एका प्रवासाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांना पंढरपूरला जायचं होतं. बोटीनं नाही, विमानानं नाही, पंढरपूरला. आपल्या गावातून दरवर्षी दिंडी जाते तिथं. बाबासाहेबांनी नेलं नाही. जिथं आपल्या माणसाला देवळाबाहेर लांब उभं राहून हात जोडावे लागतात तिथं कशाला जायचं, आपण आपलं वेगळं पंढरपूर उभं करू, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. तरी त्या माउलीची इच्छा राहिली ती राहिलीच. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. पंढरपूरचं देऊळ सर्वांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. बारा वर्षं उशीर झाला.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९३४ मध्ये, बाबासाहेब खरोखरच सहलीला निघाले होते. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला की साहेब, एकदा वेरूळची लेणी बघायला जाऊ. तीसेक माणसं. नाशिकला जमले, बसगाड्या-मोटारी भाड्यानं केल्या, येवल्यामार्गे औरंगाबादकडं निघाले. तेव्हा तो मुलूख निजामाचा. वाटेत त्रास नको म्हणून कार्यक्रम कुठं जाहीर केला नव्हता. विचार करा, माणूस गोलमेज परिषदेला जाऊन आलेला, इंग्लंडच्या पंतप्रधानांसमोर बसलेला, आणि आपल्याच मुलखात फिरायला जाताना नाव लपवून.

वाटेत दौलताबादचा किल्ला. देवगिरी, रामदेवरायाची राजधानी. बघायलाच पाहिजे. संध्याकाळ होत आलेली, दिवस रमजानचे. सगळे धुळीनं माखलेले. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेलं छोटं तळं. काहींनी हात-पाय-तोंड धुतलं आणि किल्ल्यात जायची परवानगी काय लागते ते विचारायला दाराशी गेले. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला, तळं बाटवलं म्हणून. बघता बघता गावातले मुसलमान जमले, शिव्या सुरू झाल्या. समजावून समजेना. बाबासाहेबांचा संयम सुटला. हाच तुमचा धर्म का, आमच्यातला कुणी उद्या मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही का, असं त्यांनी खडसावून विचारलं. तेव्हा कुठं लोक गप्प झाले. शेवटी आत सोडलं, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. का, तर किल्ल्यात कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून.

मसूरला हिंदू, बडोद्याला पारशी, दौलताबादला मुसलमान. हे त्यांनीच शेजारी शेजारी ठेवून लिहिलंय. आम्हीही काही वेगळे नव्हतो. माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या एका हॉटेलात काही लोकांचे कप बाहेर खुंटीला टांगलेले असायचे. माझी आजी पाणी वरून ओतायची. मी ते बघितलंय आणि तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

औरंगाबाद मात्र बाबासाहेबांनी सोडलं नाही. दौलताबादपासून जवळच, त्याच शहरात १९५० मध्ये त्यांनी कॉलेज काढलं, पुढं त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. खेड्यातली, वाड्यावस्त्यांवरची पोरं तिथं शिकायला आली. ५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठानं न्यूयॉर्कला बोलावून त्यांना मानाची डॉक्टरेट दिली. ज्या ब्रॉडवेवर बावीसाव्या वर्षी हिंडले तिथं एकसष्टाव्या वर्षी परत उभे राहिले. उतारवयात ते व्हायोलिनही शिकत होते. हौस नव्हती असा तो माणूस नव्हताच. तरुणपणी त्यांनी ती बाजूला ठेवली होती, एवढंच.

आणि नाटक? १९५५ मध्ये मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नावाचं नाटक लिहिलं. युगानुयुगं अस्पृश्यांवर काय झालं तोच विषय. ते कॉलेजात बाबासाहेबांच्या समोर झालं. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखो माणसांपुढं त्याचाच प्रयोग झाला. मैदानात, जमिनीवर बसलेली माणसं, तिकीट नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले.

परवा भाच्याचा फोटो आला. किंग हेन्रीज रोड, घर नंबर दहा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब याच घरात राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, आता स्मारक आहे. रविवारी तिथं जाऊन आला म्हणे. बहिणीला फोटो दाखवला, तर तिनं आधी विचारलं, नाटकाला गेला होता का ते पण विचार. विचारलं. गेला होता, वरच्या गॅलरीत बसून.